तळं राखील त्याला काय?

17 फेब्रुवारी 2016 रोजी निघालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेच्या शासन निर्णयात सगळ्यात मोठ्या तळ्याचं माप 30 बाय 30 बाय 3 मीटर असं ठरलं होतं. बाजूंचा उतार एकास एक धरला की खोदाई भरते 2,196 घनमीटर, म्हणजे पोटात पाणी मावतं सुमारे बावीस लाख लिटर. त्यासाठी सरकार देणार होतं जास्तीत जास्त 50,000 रुपये. भागाकार केला तर घनमीटरला पावणेतेवीस रुपये पडतात. त्यात पोकलेनचं भाडं आलं, डिझेल आलं, निघालेली माती बांधावर पसरून दाबणं आलं, पाणी आत येण्याची आणि जादा पाणी बाहेर जाण्याची वाट करणं आलं. प्लास्टिकचं अस्तर घालायचं असेल तर तो खर्च शेतकऱ्याचा. योजनेचा फलक लावायचा, तोही स्वखर्चानं. बांधावर स्थानिक झाडं लावायची, तळ्याची नोंद सातबारावर करून घ्यायची, गाळ वाहून येणार नाही याची तजवीज करायची आणि पुढची सगळी देखभाल आपली आपण करायची, अशा अटी त्याच कागदात होत्या.

पुढे 2022 मध्ये मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेखाली ही रक्कम कमाल 75,000 झाली. आकडा वाढला, रीत तीच राहिली. खोदल्याचे पैसे मिळतात. राखल्याचे मिळत नाहीत.

शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवर माती आणि पाणी अडवण्यासाठी महाराष्ट्रात सरकार गेली ऐंशी वर्षं या ना त्या मार्गानं पैसा घालतं आहे. बांध, नाला बांध, फळबाग, ठिबक, शेततळं, गाळ अशी त्याची रूपं बदलत गेली. या पैशाबद्दलची चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांवर होते. एका टोकाला 'इतके कोटी वाटले' म्हणून जाहिरात, दुसऱ्या टोकाला 'इतके कोटी खाल्ले' म्हणून ओरड. मधला प्रश्न राहून जातो. पैसा प्रामाणिकपणे पोचला, काम मापाप्रमाणे झालं, असं धरून चाललं तरी दहा वर्षांनी त्या शिवारात काय उरतं?

खड्डा आणि तळं

शेततळ्यामागची कल्पना साधी आहे. जून-जुलैत शेतावरून वाहून जाणारं पाणी एका कोपऱ्यात अडवायचं. ऑगस्टमध्ये पावसानं पंधरा-वीस दिवसांचा खंड दिला की सोयाबीन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना माना टाकतं. तेव्हा एक संरक्षित पाणी द्यायचं. एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. बावीस लाखांचं तळं भरलेलं असेल तर झिरपा-बाष्पीभवन वजा जाता सात-आठ एकरांचं एक पाणी सहज निघतं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पीक येणार की नाही हे अनेकदा याच एका पाण्यावर ठरतं. म्हणूनच योजनेची अट होती, की जागा अशी हवी जिथं वाहून येणारं पावसाचं पाणी नैसर्गिकरीत्या तळ्यात उतरेल.

आता प्रत्यक्षात उभी राहिलेली तळी बघा. जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक, सोलापूर या जिल्ह्यांतल्या फळबागांच्या पट्ट्यात मे महिन्यात फिरलं, तर माळावर निळी-काळी चकाकणारी चौकोनी तळी काठोकाठ भरलेली दिसतात. आजूबाजूला विहिरींनी तळ गाठलेला आणि गावात टँकर सुरू. तळ्याजवळ गेलं की उलगडा होतो. बांध जमिनीपासून पुरुषभर उंच, त्यावर पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक, भोवती तारेचं कुंपण. पडलेल्या माणसाला किंवा जनावराला वर येता यावं म्हणून आत सोडलेला गाठींचा दोर, कुठं दोराला बांधलेले जुने टायर, कारण ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि अशा तळ्यांनी दरवर्षी माणसं, लेकरं गिळली आहेत. शेतातलं पाणी आत यायला मात्र वाट नाही. बांध उंच असल्यामुळं यायचं म्हटलं तरी ते येणार नाही. काठावरून एक पाइप आत सोडलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक विहिरीवर किंवा बोअरवर असतं.

म्हणजे पाऊस साठवण्यासाठी आखलेल्या साधनात भूजल साठवलं जातं. विहिरीला पाणी असतं तेव्हा, सप्टेंबर ते डिसेंबरात, ते उपसून स्वतःच्या तळ्यात नेऊन ठेवायचं. शेजाऱ्यानंही तेच केलं की कोण आधी उपसतो याची शर्यत लागते. ईश्वर काळे यांनी 2017 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या या वापरावर लिहिलं होतं. भूजल ही सगळ्यांची मिळकत, ती अनुदानाच्या खड्ड्यातून खासगी होते, हा त्यातला कळीचा मुद्दा. गावातल्या माणसाला हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. ज्याची विहीर डिसेंबरात आटते त्याला शेजारच्या तळ्यातलं पाणी कुठून आलं ते ठाऊक असतं.

त्यात आणखी एक नुकसान आहे. खडकात असलेलं पाणी उन्हापासून सुरक्षित असतं. ते वर आणून उघड्यावर ठेवलं की उडू लागतं. मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानं दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज उतरते. 30 बाय 30 च्या भरल्या तळ्यावर याचा हिशेब दिवसाला सात हजार लिटरच्या घरात जातो.

तरी शेततळं वाईट असं म्हणणं हा उथळपणा होईल. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारं, पिकाला देण्याजोगं नाही, आणि काळी चिकण माती अशी की पाणी फारसं झिरपत नाही. तिथं अस्तराशिवायचं तळं पावसानंच भरतं आणि त्या तळ्यामुळं हरभऱ्याला एक पाणी मिळतं. तेच अनुदान, तोच आराखडा, पण इथं तो कामाला येतो. फरक जमिनीच्या पोटात आहे, आणि अर्जाच्या नमुन्यात जमिनीच्या पोटाचा रकाना नाही.

डाळिंब किंवा द्राक्षवाल्या शेतकऱ्यालाही खलनायक करण्यात अर्थ नाही. बागेत एकरी लाखांनी पैसा घातलेला असतो. एक उन्हाळा चुकला तर बाग जाते आणि कर्ज राहतं. तो पाण्याचा विमा काढतो आहे. त्या विम्याचा हप्ता शेजाऱ्याच्या विहिरीतून जातो, एवढंच. हे थांबवायचं काम त्याचं एकट्याचं नाही. ज्यानं पैसे दिले त्याचंही आहे.

फाईलीचा प्रवास

अनुदानाचा रस्ता आता ऑनलाइन आहे. महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर एकच अर्ज भरायचा, हवी ती बाब निवडायची, 23 रुपये 60 पैसे भरायचे. सुरुवातीची वर्षं संगणकीय सोडत निघत असे. 2025 पासून 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' आलं आणि शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला. त्याआधी वर्षानुवर्षं अर्ज सोडतीत पडून राहिल्याची तक्रार सगळीकडं होती. आता ज्याच्याकडं नेट चांगलं आणि सेतू केंद्र जवळ, तो रांगेत पुढं, अशी नवी तक्रार ऐकू येते.

निवड झाली की सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेलं खातं, गरजेप्रमाणे जातीचा दाखला अपलोड करायचा. मग पूर्वसंमती येते. तिच्याआधी काम सुरू केलं तर अनुदान गेलं. पूर्वसंमतीनंतर ठरावीक मुदतीत काम पुरं करायचं. शेततळ्याच्या 2016 च्या योजनेत ही मुदत कार्यारंभ आदेशापासून तीन महिन्यांची होती. मग मोका तपासणी: कृषी सहायक येतो, त्याचं पदनाम 2025 पासून सहायक कृषी अधिकारी झालं आहे. तो टेप लावतो, अक्षांश-रेखांशासह फोटो काढतो, शेतकऱ्याला तळ्याच्या काठावर उभं करतो, फोटो पोर्टलवर चढवतो. देयक वर सरकतं आणि निधी असेल तेव्हा खात्यावर पैसे येतात.

निधी असेल तेव्हा, हे तीन शब्द गावात सगळ्यांना पाठ आहेत. पैसे आधी खिशातून घालायचे असतात. तळ्यात आगाऊ रक्कम नाही, ठिबकमध्येही बिल आधी चुकतं करायचं. ज्याच्याकडं पन्नास-साठ हजार मोकळे नाहीत तो सोसायटीकडं, सावकाराकडं किंवा कृषी सेवा केंद्रवाल्याकडं जातो. अनुदान सहा महिने लांबलं तर त्यातला मोठा घास व्याज खातं. सरकारी मदत सगळ्यांत आधी त्याच्या दारात पोचते ज्याला तिच्यावाचून चाललं असतं, ही तक्रार केवळ नेत्यांच्या भ्रष्टाचारामुळं खरी ठरत नाही. परतफेडीच्या पद्धतीनं दिलेलं अनुदान मुळातच खिशात पैसा असलेल्याला सोयीचं असतं.

आणि या सगळ्या प्रवासाचं शेवटचं स्टेशन आहे तो फोटो. त्यानंतर त्या तळ्याकडं, त्या बांधाकडं कुणी परत यावं अशी सोय व्यवस्थेत नाही. एका सहायकाकडं चार-पाच गावं, पीक पंचनामे, पीक कापणी प्रयोग आणि डझनभर योजनांची लक्ष्यं. गेल्या वर्षीच्या तळ्यात गाळ किती साचला हे बघायला जाण्यासाठी त्याच्या दैनंदिनीत रकाना नाही.

बांध कुणी मोडले?

बांधाचा इतिहास या बाबतीत शिकवण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यात 1942 साली जमीन सुधारणा योजना कायदा झाला. सोलापूर, विजापूर, नगर या अवर्षणाच्या पट्ट्यात समपातळीचे मातीचे बांध घालणं हा त्याचा मुख्य उद्देश. खर्चाचा वाटा जमीनमालकांकडून वसूल करण्याची तरतूद होती आणि पुढची देखभाल मालकानं करावी हेही कायद्यात होतं. पुढं 1972 चा दुष्काळ आला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली, आणि बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नाला बांध ही दुष्काळी कामांची ओळखच होऊन बसली. शेतकऱ्याकडून वसुली मागं पडली. मजुराला काम मिळालं, हे मोठं काम झालं. पण बांध हा मजुरी वाटण्याचं निमित्त झाला आणि तो ज्याच्या शेतात पडला त्याचा त्याच्याशी संबंध तुटला.

गावोगाव हे बांध नांगराखाली गेले. शेतकरी अडाणी म्हणून मोडले, असं अधिकारी सांगत. कारण वेगळं होतं. समपातळीचा बांध जमिनीच्या उताराला धरून जातो, शेताची वाटणी भावकीला धरून झालेली असते. बांध तिरपा शेतात घुसला की एका बाजूला औत फिरवायला जागा उरत नाही, दुसऱ्या बाजूला कोपरा शेजाऱ्याच्या हातात जातो. भारी काळ्या रानात बांधाच्या मागं पाणी तुंबून ज्वारी पिवळी पडते. पिढ्यान्‌पिढ्या धुऱ्यावर, बांधावर दगड रचून, ताली घालून माती धरणाऱ्या माणसाला स्वतःची रीत माहीत होती. ती कुणी विचारलीच नाही. बांध घालताना ज्याला विचारलं नाही, तो माणूस पुढं बांध कशाला राखील?

पुढं पाणलोट विकासाचे कार्यक्रम आले, 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आलं. कॅगच्या 2020 च्या अहवालानं या अभियानावर 9,633 कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजल पातळी वाढवण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असा शेरा मारला. त्यावरून राजकारण बरंच झालं. दुरुस्तीसाठी पैसा आणि जबाबदार माणूस कुणाकडं, ही चर्चा त्यात कमीच झाली. 2017 मध्ये मृद व जलसंधारण हा वेगळा विभाग झाला. बांध एका खात्याचा, फळबाग दुसऱ्याची, मजुरी तिसऱ्याची, अशा वाटणीत जुन्या कामाला वाली राहिला नाही.

जगलेल्या झाडाचे पैसे

या सगळ्यात एक योजना वेगळी उठून दिसते. 1990 मध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात झाडं लावायची, खड्डे आणि मजुरीसकट खर्च सरकारचा. तेव्हा राज्यात फळबागांचं क्षेत्र सुमारे अडीच लाख हेक्टर होतं. कोकणात काजू-आंबा, जालन्यात मोसंबी, सांगोल्याच्या माळावर डाळिंब आणि बोर, बीडच्या बालाघाटात सीताफळ ही आजची ओळख त्यानंतर पक्की झाली. त्या योजनेचं पुढचं रूप म्हणजे 2018 ची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. तिची वाटणी अशी आहे: पहिल्या वर्षी 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 20. आणि पुढचा हप्ता हवा असेल तर बागायती झाडं किमान 90 टक्के, कोरडवाहू झाडं किमान 80 टक्के जिवंत असली पाहिजेत.

खात्याच्या नेहमीच्या भाषेत हा किरकोळ तपशील वाटतो. पण साऱ्या अनुदानांच्या गर्दीत इथं सरकार लावल्याचे नव्हे तर जगवल्याचे पैसे देतं. सहायकाला तीनदा शेतावर यावं लागतं. शेतकऱ्याला मेलेल्या रोपाच्या जागी नवं रोप लावावंसं वाटतं, कारण त्यात त्याचा हप्ता अडकलेला असतो. तीन वर्षं झाड जगलं की बहुतेक कोरडवाहू फळझाडं पुढं स्वतःची काळजी घेतात, म्हणून तीन वर्षं हा काळही बरोबर निवडलेला आहे.

यालाही मर्यादा आहेतच. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, शेतकऱ्यांनी टँकरनं झाडं जगवली, नाही जगली ती तोडून सरपण केली. जिथं पाणीच नाही तिथं पाणी पिणारं झाड अनुदानावर लावलं, तर तीन वर्षांच्या हप्त्यानं ते वाचत नाही. पण हप्ता जगण्याशी बांधता येतो, मोजता येतो आणि सरकारी यंत्रणेला ते जमतं, एवढं या योजनेनं सिद्ध केलं आहे. हेच शेततळ्याला, बांधाला का लागू होत नाही?

सातबाऱ्यावर कोण?

अनुदान मालकाला मिळतं. मालक म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. इथून दुसरा गुंता सुरू होतो.

महाराष्ट्रात बटईनं, अर्धेलीनं, ठोक्यानं, खंडानं कसणारे भरपूर आहेत आणि त्यांची नोंद जवळजवळ कुठंच नाही. याचं मूळ 1948 च्या कूळ कायद्यात आहे. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाला कसणारा कूळ मालक झाला. ते ऐतिहासिक काम होतं. पण तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही: कागदावर नाव लागलं तर जमीन गेली. म्हणून सगळे व्यवहार तोंडी, वर्षाच्या बोलीवर. पुढच्या पाडव्याला रान आपल्याकडं राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या बांधावर दगड कशाला रचील? आणि रचला तरी अनुदान शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जाणार.

बाईचं तेच. पेरणीपासून काढणीपर्यंतची बहुतेक कामं तिच्या हातची. पण 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशात जमीनधारणेच्या खात्यांपैकी सुमारे 14 टक्केच खाती बायकांच्या नावावर आहेत. नवरा गेला, वारसनोंद अडकली, दिरानं अडवली, की विधवेचा अर्ज पहिल्याच पायरीला बाद होतो. गाळाच्या योजनेत विधवा शेतकऱ्यांना प्राधान्य आहे, त्याचा फायदा घ्यायला आधी सातबारावर नाव लागावं लागतं.

जमिनीचा आकारही बघा. 1970-71 मध्ये राज्यात सरासरी धारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टर झाली. 2016 च्या शेततळ्यासाठी किमान 0.60 हेक्टर, म्हणजे दीड एकर, जमिनीची अट होती. मोठ्या मापाचं तळं पाण्याखालीच नऊ गुंठे खातं, बांध धरून दहा-बारा. साठ गुंठ्यांच्या मालकानं त्यातले बारा पाण्याला द्यायचे, म्हणजे पाचवा हिस्सा. दहा एकरवाल्याला तेवढी जागा जाणवतही नाही. अट सगळ्यांना सारखी असली तरी भार सारखा पडत नाही.

गाळ आणि ठिबक

अलीकडच्या योजनांत मला सगळ्यात शहाणी वाटते ती 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. 2017 मध्ये ती सुरू झाली, 2023 मध्ये नव्यानं आली. तलावातला गाळ काढायला यंत्र आणि इंधनापोटी घनमीटरला 31 रुपये, आणि तो गाळ शेतात नेऊन पसरायला अल्प-अत्यल्प भूधारक, विधवा, अपंग, आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकऱ्यांना घनमीटरला 35 रुपये 75 पैसे. मर्यादा एकरी 15,000 रुपये आणि अडीच एकरांपर्यंत 37,500. धुपून गेलेली माती परत शेतात येते, तलावाची पोटजागा मोकळी होते, आणि शेतकरी राखण करतो कारण ती माती आता त्याच्या रानात आहे. तरी मूळ प्रश्न उरतोच. गाळ ज्या पाणलोटातून आला तिथले बांध नीट असते, तर तो तलावात आलाच नसता. आपण बांध मोडू देतो आणि मग वाहून आलेली माती पैसे देऊन उलटी वाहून नेतो.

ठिबकची गोष्ट उलट दिशेची. महाराष्ट्रानं 1986-87 पासून ठिबकला अनुदान दिलं, देशात सगळ्यांच्या पुढं राहून. आज केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' या योजनेतले 55 आणि 45 टक्के, त्यावर राज्याची पुरवणी, असं मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला 80 आणि इतरांना 75 टक्के अनुदान आहे. एकरी पाणी कमी लागतं, मजुरी वाचते, पीक वाढतं, हे खरं आहे. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहत नाही. तेवढ्याच पाण्यात दोन एकरांचा ऊस तीन एकरांवर जातो. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं ही चांगली गोष्ट आहे, ती शेतीविकासाची योजना म्हणून चालवावी. तिला जलसंधारणाच्या खात्यात मांडून पाणी वाचलं असं दाखवणं हा हिशेबातला घोटाळा आहे.

वर्षाच्या भाड्याची अमेरिका

राखल्याचे पैसे देण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 1930 च्या दशकात तिथल्या मैदानी प्रदेशात नांगरलेली माती वादळांनी उडाली, शेतकरी देशोधडीला लागले. त्यानंतर मृदसंधारणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली. 1985 च्या शेती कायद्यानं एक कार्यक्रम आणला: धुपणारी जमीन पेरू नका, तिच्यावर गवत किंवा झाडं ठेवा, सरकार तुम्हाला दहा ते पंधरा वर्षांच्या करारानं दरवर्षी एकरी भाडं देईल. 2007 मध्ये असं 3 कोटी 68 लाख एकर रान पडीक राखलं होतं. मग इथेनॉलमुळं मक्याचे भाव चढले, करार संपलेले शेतकरी बाहेर पडले आणि जमीन पुन्हा नांगराखाली गेली.

त्यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. दरवर्षी बघून पैसे देता येतात, त्यासाठी जगावेगळी यंत्रणा लागत नाही. आणि नुसत्या पैशावर टिकवलेलं संधारण बाजारभाव चढला की टिकत नाही. दीड हेक्टरच्या आपल्या शेतकऱ्याला रान पडीक ठेव असं सांगणं शक्यही नाही. त्याच्या बाबतीत राखण म्हणजे पडीक ठेवणं नव्हे. बांधाची खांड बुजवणं, तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा दरवर्षी उपसणं, सांडव्याचे दगड जागेवर ठेवणं, ही ती राखण. वर्षाला चार-पाच दिवसांचं काम.

गावानं राखलेलं

हे काम एकट्यानं होत नाही, हेही महाराष्ट्रानंच दाखवलेलं आहे. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारानं आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मगच पैसा यायचा. प्रत्येक गटनंबरात शेतकरी आणि त्याची बायको तंत्रज्ञासोबत चालून जात आणि कुठं काय करायचं ते शेतातच ठरे. पुढच्या देखभालीसाठी गावाला निधी उभा करावा लागे. जालना तालुक्यातलं कडवंची हे याच कार्यक्रमातलं गाव. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली 1996 पासून तिथं माथा ते पायथा कामं झाली, मग द्राक्षं आली, मग शेततळी आली. 2012 च्या दुष्काळात आसपासच्या बागा गेल्या तेव्हा कडवंची तगलं. आधी पाणलोट, मग तळं, हा क्रम तिथं होता. ज्या गावांनी नुसती तळी उचलली आणि पाणलोट सोडून दिला, त्यांना कडवंचीचं फळ मिळालं नाही.

हिवरे बाजारनं वेगळ्या बाजूनं तेच केलं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर रब्बीचं पीक ठरवायचं. तिथं सरकारी योजनांचाच पैसा वापरला गेला. त्या पैशाला गावाचा नियम लावला, एवढाच फरक. आणि त्याआधी 1970 च्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातल्या माणसांवर ठरवला होता. भूमिहीनालाही त्यात वाटा होता. अनुदान मालकाचं आणि पाणी सगळ्यांचं, हा पेच सोडवण्याची ती एक खरीखुरी रीत होती. ती कुठल्याही योजनेच्या शासन निर्णयात उतरली नाही.

मागणी

म्हणून मागणी मोठी नाही. नवी योजना नको, जास्तीचा पैसाही नको. शेततळ्याच्या, बांधाच्या अनुदानातला तिसरा हिस्सा मागं ठेवावा आणि फुंडकर योजनेसारखा पुढची तीन वर्षं काम जागेवर आहे की नाही हे बघून द्यावा. उरलेल्यातला निम्मा अल्पभूधारकाला पूर्वसंमतीबरोबर आगाऊ द्यावा, म्हणजे त्याला सावकाराच्या दारात जावं लागणार नाही. शेततळ्याला पाणी कुठून येतं हे मोका तपासणीत लिहावं आणि पाइप बोअरचा असेल तर पुढचा हप्ता थांबवावा. मालकाच्या लेखी संमतीनं कसणाऱ्याच्या खात्यावर राखणीचा हप्ता जाईल अशी वाट काढावी. त्यानं कुळाचा हक्क लागत नाही हे त्याच कागदावर स्पष्ट छापावं, म्हणजे मालकाची धास्ती कमी होईल. आणि ही तपासणी सहायकावर न टाकता ग्रामसभेच्या समितीला द्यावी, ज्यांच्या विहिरी त्याच शिवारात आहेत.

हे सरकार कधी करील ते करील. गावाला तोवर थांबायचं कारण नाही. गेल्या दहा वर्षांत आपल्या शिवारात सरकारी पैशानं किती तळी, किती बांध, किती नाला बांध झाले याची यादी ग्रामपंचायतीकडं आणि कृषी कार्यालयाकडं मागता येते, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मिळते. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ती वाचून घ्या. मग एक दिवस काढून यादी हातात घेऊन शिवारफेरी करा आणि प्रत्येक कामासमोर दोनच गोष्टी लिहा: काम जागेवर आहे का, आणि पाणी कुणाला मिळतं. हा कागद पुढच्या ग्रामसभेत ठेवल्याशिवाय नव्या तळ्याची एकही शिफारस करू नका.